त्यांनाच विचारा

"साडीत शिट्टी वाजवणार?"

फाटक सरांनी हे माझ्याकडे न बघताच विचारलं. बाकावर बसून ते बुटाची नाडी बांधत होते.

"नाही सर. ड्रेस आणलाय."

"आणलाय? कुणी सांगितलं होतं आणायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. स्पर्धा सुरू झाल्यापासून मी रोज पिशवीत डब्याखाली इस्त्रीची काळी पँट, करडा शर्ट आणि शिट्टी घेऊन येत होते आणि संध्याकाळी तशीच परत नेत होते. माझं काम टेबलामागे बसून गुण लिहिण्याचं. बास्केटबॉलच्या पंचांची परीक्षा पास होऊन मला वर्ष उलटून गेलं होतं, पण शाळेतल्या मुलींच्या सामन्यांपलीकडे मला कुणी उभं केलं नव्हतं. पुरुषांच्या अंतिम सामन्याला बाई पंच, हे आमच्या शिरसगावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्या मात्र यायचं.

"बघू," फाटक सर म्हणाले आणि दुसऱ्या बुटाकडे वळले.

गोविंद फाटक हे मिरजेचे. उंच, काटकुळे, कपाळावर कायमची आठी. सांगली-कोल्हापूरकडच्या खेळाडूंमध्ये त्यांच्याबद्दल एक म्हणणं होतं, की फाटक एकदा पडलं की पडलं, मग गाडी कुणाचीही येवो. त्यांनी शिट्टी मारली की भले भले खेळाडू मान खाली घालून बाजूला व्हायचे. त्यांच्या जोडीला येणाऱ्या कोल्हापूरच्या पंचांना ऐन वेळी ताप भरला, आणि अंतिम सामना तोंडावर आलेला. तेव्हा आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब थोरबोले स्वतःच म्हणाले, "आपल्या रेडेकर बाई आहेत की! परीक्षा पास आहेत. बाहेरचा माणूस कशाला शोधायचा?"

मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे. मी त्यांच्या शाळेत तीन वर्षं तात्पुरती खेळशिक्षिका होते आणि जूनमध्ये कायम होण्याची वाट बघत होते. अंतिम सामन्यात एक संघ अण्णासाहेबांच्याच प्रताप मंडळाचा होता. ढाल त्यांच्या वडिलांच्या नावाची, आणि ती कित्येक वर्षांत गावात राहिली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या डोक्यात एकमेकांना जोडलं गेलं नाही. मी फक्त पिशवी उचलली आणि कपडे बदलायला पळाले.

पँट-शर्टात बाहेर आले तेव्हा मैदानाच्या चारी बाजूंनी शिट्ट्या आल्या. रविवारची दुपार होती. शाळेच्या भिंतीवर, गुलमोहरावर, बैलगाड्यांवर माणसं चढलेली. एका कडेला माझ्या शाळेच्या मुली सतरंजीवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंडावर हात घेतले. गेली तीन वर्षं मला सगळ्यांनी खोचलेल्या साडीत धावताना पाहिलं होतं. पण या कपड्यांत मी त्यांना कुणी वेगळीच वाटले असणार.

"ए, ही कोण रे?" कुणीतरी ओरडलं.

"रेडेकर मास्तर!" दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि हशा पिकला.

पहिला अर्धा भाग मला आजही नीट आठवत नाही. तोंड कोरडं पडलं होतं. शिट्टी तोंडात होती, पण फुंकर निघायची ती कुणी झोपेत फुंकावी तशी. समोर सोलापूरचा संघ होता, शिस्तीचा, कमी बोलणारा. प्रतापकडे मुरली कणसे होता. सहा फुटांहून उंच, तेवीस-चोवीस वर्षांचा हा मुलगा रोज पहाटे आमच्याच शाळेच्या मैदानावर सराव करायचा. मी मुलींना पळवत असायची आणि पलीकडे त्याचा चेंडू सिमेंटवर धपधपत असायचा. लांबून नुसतं "बाई, नमस्कार" म्हणायचा. तो धावत सुटला की मीही सगळ्या गावासारखी त्याच्या हातातल्या चेंडूकडेच बघत राहायची.

मध्यंतर झालं. फाटक सर माझ्याजवळ आले. मला वाटलं, पाणी देतील. त्यांनी तांब्या उचलला आणि स्वतःच प्यायले.

"तुम्ही चेंडू बघताय, बाई."

"हो सर."

"चेंडू बघायला हजार माणसं आलीत. त्याला तुमची गरज नाही. चेंडूनं आजवर एकही फाऊल केलेला नाही, माणसं करतात. माणसं बघा. पाय बघा. पाय खोटं बोलत नाहीत."

"हो सर."

"आणि शिट्टी मारायची तर मारा. नाहीतर खिशात ठेवा. ही कुजबूज नको."

एवढं बोलून ते गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रडायला सवडच नव्हती. खरं सांगते, मला त्या माणसाचा राग आला आणि त्या रागानंच माझा श्वास मोकळा झाला. दुसऱ्या भागातली माझी पहिली शिट्टी अशी वाजली की भिंतीवरची कबुतरं उडाली. मग मी चेंडू सोडला. पाय बघू लागले. आणि काय सांगू, आजवर धुळीत दडलेला खेळ एकाएकी माझ्यापुढे उघडा पडला. कोण आधी येऊन उभा आहे, कोण कोपर काढतोय, कोण पडण्याचं सोंग करतोय, सगळं दिसायला लागलं. त्या अर्ध्या तासात मी पंच झाले असं म्हटलं तरी चालेल. पण ते कळलं नंतर. तेव्हा फक्त पाय दिसत होते.

शेवटी अशी वेळ आली की प्रताप एका गुणानं मागे, सामना संपायला काही सेकंद उरलेले, आणि चेंडू मुरलीच्या हातात. सारं गाव उभं राहिलं. मुरलीनं एकाला चकवलं, दुसऱ्याच्या बगलेतून निघाला आणि बास्केटकडे झेपावला. वाटेत सोलापूरचा एक बुटका, भरल्या अंगाचा खेळाडू उभा होता. उभा होता म्हणजे खरोखरच उभा होता. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, हात वर, आणि हे मुरलीनं उडी घेण्याआधीपासून. मुरली थेट त्याच्या छातीवर जाऊन आदळला. तो बुटका मागे आडवा पडला. चेंडू त्यानंतर मुरलीच्या हातातून सुटला आणि जाळीतून खाली आला.

माझी शिट्टी चेंडू जाळीत जाण्याआधीच वाजली होती. पण ती ऐकली कुणी! लोक मैदानात घुसले, मुरलीला खांद्यावर घेतलं, ताशे सुरू झाले. मी त्या गर्दीच्या मधोमध एक हात वर करून उभी होते. मग दोन्ही हात आडवे फिरवून बास्केट रद्द केली आणि मुरलीकडे बोट केलं. चार्जिंग, म्हणजे आधीपासून उभ्या असलेल्याला धडक. फाऊल मुरलीचा. चेंडू सोलापूरचा.

ताशे एकेक करून थांबले. त्या शांततेत एक बाईच म्हणाली, "आगं, काय केलंस हे!"

पुढचे काही सेकंद कसेबसे खेळवले गेले. सोलापूरनं चेंडू आपसांत फिरवला, वेळ संपली. आणि मग दगड नाही, पण चपला, बाटल्या, उसाची कांडकी, जे हाताला लागेल ते मैदानात येऊ लागलं. कार्यकर्त्यांनी मला आणि फाटक सरांना शाळेच्या खेळांच्या खोलीत नेलं आणि आम्ही आतून कडी घातली.

खोलीत गाद्यांचा आणि जुन्या चामड्याचा वास होता. फाटक सर एका गादीच्या गठ्ठ्यावर बसले. मी उभीच होते. हात पाठीमागे धरले. बाहेर लोक दारावर थापा मारत होते.

मला वाटलं, सर आता तरी काही बोलतील. बरोबर होतं, एवढं एक वाक्य. त्यांनी चष्मा काढून पुसला.

थोड्या वेळानं अण्णासाहेब आत आले, बरोबर आमचे हेडमास्तर शिंत्रे. अण्णासाहेब आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी आधी फाटक सरांना नमस्कार केला, चहा सांगितला, मग समोरच्या बाकावर बसले.

"फाटक साहेब, मोठी पंचाईत झाली."

"कसली?"

"बाई नव्या आहेत. एवढ्या गर्दीत माणूस गांगरतो. चूक कुणाकडूनही होते. तुम्ही मुख्य पंच. शेवटच्या कागदावर अजून तुमची सही व्हायची आहे. तुम्ही एक शब्द बोललात तर गाव शांत होईल."

फाटक सर वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

"निर्णय बाईंचा आहे," ते म्हणाले. "एकाचा निर्णय दुसऱ्यानं बदलायचा नसतो."

"तसं नव्हे. पण तुम्हाला काय दिसलं, ते तर सांगाल?"

"मला काय दिसलं ह्याला महत्त्व नाही. त्यांनाच विचारा."

आणि ते उठून खिडकीपाशी गेले. आमच्याकडे पाठ करून बाहेर बघत उभे राहिले.

मी आयुष्यात इतकी एकटी कधी पडले नव्हते. एवढा मोठा पंच, माझ्यापासून पाच पावलांवर उभा, आणि त्यानं मला उघड्यावर सोडून दिलं होतं. "मलाही तसंच दिसलं" एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं?

अण्णासाहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता.

"बाई, बसा ना. तुम्ही आमच्या घरच्या. जूनमध्ये तुमचं कायमचं करायचंय, शिंत्रे सरांना मी कालच म्हणालो. होय ना हो?"

"होय, होय," हेडमास्तर म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बाई, नीट आठवा. गडबडीत... म्हणजे नक्की दिसलं का तुम्हाला?"

मी सरांच्या पाठीकडे बघितलं. पाठ काही बोलेना. मग मी डोळे मिटले. खरंच आठवून बघितलं. मला ते दोन पाय दिसले. मळके पांढरे बूट, त्यातल्या एकाची टाच फाटलेली, आणि ते सिमेंटवर असे टेकलेले की जणू तिथंच उगवलेत.

"नक्की दिसलं सर," मी म्हणाले. "सोलापूरचा मुलगा आधीपासून उभा होता. त्याचे पाय हलले नाहीत. मुरलीनं धडक दिली तेव्हा चेंडू मुरलीच्या हातातच होता."

"म्हणजे बदलणार नाही तुम्ही?"

"कसा बदलू, अण्णासाहेब? झालं ते झालंय."

चहा आला होता, तो अण्णासाहेबांनी बाजूला सारला.

"ठीक आहे. मग तुम्हीच बाहेर जा आणि माइकवरून गावाला सांगा. आमच्या तोंडानं आम्ही सांगणार नाही."

हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, "अहो अण्णासाहेब, बाहेर माणसं..."

"जाऊ दे त्यांना. निर्णय त्यांचाच आहे ना?"

मी पुन्हा एकदा खिडकीकडे बघितलं. फाटक सर हलले नाहीत. मी कडी काढली.

माइक टेबलावर होता. मी तिथवर कशी गेले ते सांगता येणार नाही. माझ्या मुलींनी टेबलाभोवती कडं केलं होतं, एवढं आठवतं. सातवी-आठवीच्या पोरी. एकमेकींचे हात धरून उभ्या, आणि सगळ्यांच्या तोंडावर भीती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यामधून आत शिरले.

"मी रेडेकर बोलतेय," मी म्हणाले. माझाच आवाज चारी कर्ण्यांतून माझ्यावर आला. "शेवटची बास्केट मी रद्द केली. निर्णय माझा आहे. फाटक सरांचा नाही, टेबलाचा नाही, माझा. मुरली कणसे आपल्या सगळ्यांचा आवडता खेळाडू आहे, माझाही आहे. पण त्यानं समोरच्याला धडक दिली. मी ती बघितली. सामना सोलापूरनं जिंकलाय."

जो गलका उठला तो काय सांगावा! कुणी "डोळं फुटलं काय?" म्हणत होतं, कुणी "सोलापूरला माहेर हाय वाटतं!" आणि त्या सगळ्याच्या वर, भिंतीवर बसलेल्या एका आडदांड माणसाचा खणखणीत आवाज आला.

"ए बाई! घरला जाऊन भाकऱ्या थाप की!"

माइक अजून चालू होता. मी विचार करून बोलले असं मुळीच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं.

"थापणार आहे, दादा. आधी एवढा सामना संपवते."

मग कडेला बसलेल्या बायकांमधून कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरी हसली. मग भिंतीवरची माणसं त्या आडदांडाला कोपरानं ढोसायला लागली, "घे, गप्प केलं का नाही बाईनं?" हशा असा पसरला की चपला उचललेले हात खाली आले. राग गेला नव्हता, पण हसलेल्या माणसाला लगेच पुन्हा चपला फेकता येत नाहीत. लोक आपापल्या चपला शोधू लागले. आपलीच फेकलेली चप्पल शोधणारी माणसं मग फारशी भीतीदायक दिसत नाहीत.

तेवढ्यात फाटक सर बाहेर आले. टेबलाशी उभे राहून त्यांनी खिशातून पेन काढलं, सामन्याच्या कागदावर सही केली, पेनाचं टोपण लावलं.

"मिरजेची गाडी किती वाजता?" त्यांनी कुणालातरी विचारलं.

माझा बांध फुटला. "सर," मी हळू पण रागानं म्हणाले, "तुम्ही मला आत एकटीला सोडलंत."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "एकटीला? मी खोलीतच होतो की."

आणि निघून गेले.

मी पिशवी घेऊन शाळेच्या दरवाजाशी पोचले तेव्हा तिथं पन्नासेक माणसं घुटमळत होती. मला पाऊल पुढे टाकवेना. तेव्हा मुरली कणसे आला. अंगावर अजून तोच भिजलेला बनियन, डोळे लाल. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, काही बोलला नाही. फक्त माझ्या पुढे जाऊन उभा राहिला आणि चालू लागला. माणसं त्याला वाट देत गेली, मी त्याच्या मागून गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला.

"बाई, नमस्कार," म्हणाला, रोज पहाटे म्हणायचा तसाच, आणि वळला. माझा निर्णय बरोबर होता की चूक, हे त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटतं, त्या वीस मिनिटांच्या चालण्यात त्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

घरी गेले. कर्ण्यांचा आवाज आमच्या परसापर्यंत आला होता, त्यामुळे सांगायचं काही उरलंच नव्हतं. हे कारखान्याच्या पाळीवरून आलेले, ओट्यावर बसून दाढी कुरवाळत होते. सासूबाई चुलीपुढे होत्या. माझ्या पँटकडे त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांनी मला या कपड्यांत कधीच पाहिलं नव्हतं.

"हात धू," त्या म्हणाल्या. "भाकऱ्या मी थापल्यात. त्या मुडद्याला सांगायचं होतंस, आमच्यात भाकऱ्या थापायला माणसं हायत म्हणून."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि इतकी रडले, इतकी रडले, की यांना वाटलं मला कुठं लागलं असावं.

जूनमध्ये मला कायम केलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोल्हापुरात नगरपालिकेच्या शाळेत जागा मिळाली, यांनी कारखाना बदलून घेतला, सासूबाईंनी गाव सोडताना एकदाही कुरकुर केली नाही. आणि पुढे शिट्टीनं मला कुठं कुठं नेलं! राज्य झालं, राष्ट्रीय झालं, मग परदेशातले सामने. जिथं जमीन लाकडाची आणि आरशासारखी असते आणि खेळाडू पंचाशी बोलताना मान तुकवतात, अशा मैदानांवर मी पुरुषांचे सामने केले. राज्य सरकारनं सत्कार केला, फोटो छापून आला. कितीतरी वेळा प्रेक्षक माझ्यावर ओरडले, कितीतरी प्रशिक्षक छाती काढून अंगावर आले. पण त्या गादीच्या वासाच्या खोलीत एकदा उभी राहिल्यावर मला पुन्हा तशी भीती कधी वाटली नाही.

फाटक सरांबरोबरही पुढे पुष्कळ सामने केले. त्यांना जोडीदार निवडायला सांगितलं की ते म्हणायचे, "रेडेकर बाईंना बोलवा." मला वाटायचं, दुसरं कुणी त्यांच्याबरोबर टिकत नाही म्हणून. आमचं मैदानावर उत्तम जमायचं, मैदानाबाहेर आम्ही चार शब्दही बोलायचो नाही. माझ्या मनातली ती अढी काही सुटली नव्हती.

मी निवृत्त झाले त्या वर्षी मिरजेला एका कामाला गेले होते. कुणीतरी म्हणालं, फाटक सर आता अंथरुणाला खिळलेत. मी गेले. कृष्णाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडलं. सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. नजर अधू झालेली, कपाळावरची आठी मात्र तशीच.

"कोण? रेडेकर बाई? बसा. किती सामने झाले?"

"मोजले नाहीत सर."

"बरं केलंत."

चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. आणि मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात धरलेलं एकदाचं बाहेर आलं.

"सर, शिरसगावचा तो सामना. तुम्हाला खरंच काय दिसलं होतं?"

ते लगेच बोलले. जणू कालचीच गोष्ट.

"चार्जिंग. स्वच्छ. मी पलीकडच्या बाजूला होतो, पण मला त्याचे पाय दिसत होते. फाटक्या टाचेचे बूट."

"मग सांगितलं का नाही तिथं? तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

"तर तो निर्णय माझा झाला असता," ते म्हणाले. "सगळं गाव म्हणालं असतं, बाईनं घोळ घातला होता, फाटकानं सावरलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कुठंही शिट्टी मारली असती, की खेळाडूंनी आधी तुमच्या जोडीदाराकडे बघितलं असतं. आणि बाई, तुम्हीसुद्धा बघितलं असतं."

मी खाटेवरून घसरलेली चादर वर घेतली.

"त्या दिवशी तुम्ही दोनदा बघितलंत माझ्याकडे. खिडकीच्या काचेत दिसत होतं मला."

"आणि मी निर्णय बदलला असता तर?"

"मी सही केली नसती. भांडण माझ्या अंगावर घेतलं असतं." त्यांनी उशी सारखी केली. "पण मग तुम्हाला पुन्हा कधी पंच म्हणून बोलावलं नसतं. मला फार भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. म्हणून तर पाठ केली. माझा चेहरा दिसला असता."

त्यांना एवढं बोलून धाप लागली. डोळे मिटून ते मागे टेकले. मला कितीतरी बोलायचं होतं. मी त्यांच्या पायांना हात लावला, पिशवी उचलली आणि बाहेरच्या खोलीत आले. काकू माझ्या मागून आल्या. दाराशी त्यांनी माझा हात धरला.

"तुम्ही शिरसगावच्या त्याच ना, माइकवरून बोललेल्या?"

"हो काकू."

"मला वाटलंच. त्या दिवशी हे घरी आले ना, ते जेवायलाच बसेनात. अंगणात नुसत्या येरझाऱ्या. मी म्हटलं, झालंय काय? तर म्हणाले, 'अगं, इतकी वर्षं शिट्टी वाजवतोय, दर वेळी बरोबर कुणीतरी उभं असतं. पण आज पहिल्यांदा मला जोडीदार मिळाली.'" काकू हसल्या. "मला काय कळतंय त्यातलं! पण यांना इतकं आनंदात मी फार क्वचित बघितलंय हो."

मी दारातच उभी राहिले. बाहेर उन्हं कलली होती, कोल्हापूरच्या गाडीची वेळ होत आली होती. मी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"काकू," मी म्हणाले, "अजून एकेक कप चहा टाकता का?"

आतून सरांचा आवाज आला. "गेल्या का त्या?"

"नाही हो," काकूंनी स्टोव्ह पेटवता पेटवता सांगितलं. "बसल्यात."